घरच्या डार्करूममध्ये प्लॅटिनम प्रिंट कशी करायची? मोबाइलच्या फोटोपासून कागदापर्यंत सविस्तर माहिती

तुमच्या फोनमध्ये आत्ता किती फोटो आहेत? चार हजार? दहा हजार? त्यातला एक तरी फोटो तुमच्या नातवंडांच्या हातात पडेल, असं खात्रीने सांगता येईल का? फोन बिघडतो, क्लाउडचा पासवर्ड विसरतो, स्टोरेज भरलं की आपणच घाईघाईत डिलीट मारतो. याउलट सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर काढलेल्या काही प्रिंट आजही जशाच्या तशा आहेत. त्यांच्यात रंग नाही, तर चक्क प्लॅटिनम धातू आहे.

मी घरातल्या बाथरूममध्ये अशा प्रिंट काढतो, आणि त्यातले बरेचसे फोटो फोननेच काढलेले असतात. या लेखात प्लॅटिनम प्रिंटिंग म्हणजे काय, ते कसं चालतं, काय सामान लागतं, धोका कुठे आहे आणि सुरुवात कशी करायची, हे सगळं सोप्या भाषेत पाहूया.

प्लॅटिनम प्रिंट म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चांदीचे कण असतात. ते कागदावर असलेल्या जिलेटिनच्या थरात अडकलेले असतात, म्हणून तो फोटो थोडा चकचकीत दिसतो. प्लॅटिनम प्रिंटमध्ये जिलेटिन नसतंच. द्रावण थेट कागदावर ब्रशने लावतात आणि प्लॅटिनमचे बारीक कण कागदाच्या तंतूंमध्येच तयार होतात. त्यामुळे प्रिंट पूर्ण मॅट दिसते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मधल्या राखाडी छटा इतक्या हळुवार उतरतात की फोनच्या स्क्रीनवर तसा अनुभव येत नाही.

प्लॅटिनम सहसा कशाशी रासायनिक क्रिया करत नाही. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते, प्लॅटिनम तसं होत नाही. म्हणून असं म्हणतात की प्लॅटिनम प्रिंट कागद टिकेल तोवर टिकते. मात्र कागद खराब असेल किंवा प्रिंट नीट धुतली नसेल, तर धातू टिकूनही प्रिंट पिवळी पडते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडा इतिहास

विल्यम विलिस या इंग्रज संशोधकाने १८७३ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. १८७९ मध्ये त्याने प्लॅटिनोटाइप कंपनी सुरू केली आणि तयार कागद बाजारात आले. पुढची तीसेक वर्षं ही फोटोग्राफरांची लाडकी पद्धत होती. फ्रेडरिक इव्हान्सने इंग्लंडमधल्या कॅथेड्रलचे फोटो याच कागदावर छापले. एडवर्ड स्टायकेनच्या १९०४ च्या तळ्यावरच्या चंद्रप्रकाशाच्या फोटोची एक प्रत २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २९ लाख डॉलरला गेली. ती प्लॅटिनम प्रिंटवर रंगाचे थर देऊन केलेली होती.

मग ही पद्धत मागे का पडली? कारण पहिलं महायुद्ध. स्फोटकांसाठी नायट्रिक ॲसिड लागायचं आणि ते बनवायला प्लॅटिनम उत्प्रेरक म्हणून वापरायचे. धातू युद्धाच्या कामाला गेला, भाव भडकले आणि तयार कागद हळूहळू बंद झाले. त्याच काळात पॅलेडियम हा प्लॅटिनमचा भाऊबंद धातू पर्याय म्हणून आला. १९६० च्या दशकात अमेरिकन फॅशन फोटोग्राफर आयर्विंग पेनने स्वतः कागदावर द्रावण लावून ही पद्धत पुन्हा वापरायला घेतली. आज जगभरातले हौशी लोक तेच करतात: तयार कागद मिळत नाही, म्हणून स्वतः बनवायचा.

एक गंमत सांगतो. पॅलेडियम तुमच्या ओळखीचं आहे. गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ते असतं, आणि फोनच्या सर्किटमध्येही थोडंसं सापडतं.

हे चालतं कसं?

गंमत म्हणजे इथे प्रकाशाला प्रतिसाद देतं ते प्लॅटिनम नव्हे, तर लोखंड! क्रम असा आहे:

१. कागदावर फेरिक ऑक्झलेट (लोखंडाचा क्षार) आणि प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा क्षार एकत्र लावतात.
२. अतिनील म्हणजे यूव्ही प्रकाश पडला की फेरिक लोखंडाचं फेरस लोखंड होतं. जिथे जास्त प्रकाश, तिथे जास्त फेरस.
३. डेव्हलपर ओतला की हे फेरस लोखंड विरघळतं आणि शेजारच्या प्लॅटिनमच्या क्षाराचा शुद्ध धातू करून टाकतं.
४. उरलेलं लोखंड क्लिअरिंग बाथमध्ये काढून टाकतात. कागदावर राहतो तो फक्त धातू.

कागदाला यूव्ही प्रकाशच लागतो, त्यामुळे एन्लार्जर चालत नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रिंट काढायची. म्हणजे प्रिंट जेवढी मोठी हवी, निगेटिव्ह तेवढीच मोठी हवी. पूर्वी त्यासाठी भलामोठा कॅमेरा लागायचा. आता फोन आणि इंकजेट प्रिंटर पुरतो.

थेट प्लॅटिनमपासून सुरुवात करू नका

कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. तीन पायऱ्यांनी जा.

पहिली पायरी, सायनोटाइप: जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली निळ्या रंगाची पद्धत. यातही लोखंडाचा क्षार, ब्रश, यूव्ही प्रकाश आणि काँटॅक्ट प्रिंट असतं. डेव्हलपर म्हणजे साधं पाणी. केमिकल स्वस्त असतात. हात बसेपर्यंत वीस-पंचवीस प्रिंट इथेच काढा.

दुसरी पायरी, पॅलेडियम: रंग किंचित तपकिरी, काम सोपं आणि चुका पोटात घालणारं.

तिसरी पायरी, प्लॅटिनम आणि पॅलेडियम मिसळून: काळा रंग थंड आणि करकरीत होतो, पण कागद आणि हवेच्या बाबतीत नखरे वाढतात.

खर्चाचं गणित समजून घ्या. ४ बाय ५ इंच प्रिंटला धातूच्या द्रावणाचे साधारण ६ थेंब, म्हणजे ०.३ मिली लागतात. पॅलेडियमच्या क्षाराचं द्रावण १५ टक्क्यांचं असेल तर त्यात सुमारे १६ मिलिग्रॅम धातू असतो. आकडा लहान वाटतो, पण ८ बाय १० ला तेच चौपट होतं. पॅलेडियम नेहमी स्वस्त असतं असंही समजू नका. २०१७ नंतर काही वर्षं त्याचा भाव प्लॅटिनमच्या वर होता. ऑर्डर देण्याआधी दोन्हींचे भाव बघा.

आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. घरात लहान भाऊ-बहीण, आजी-आजोबा, मांजर असतं, म्हणून मी हे जरा ठासून सांगतोय.

- प्लॅटिनमच्या क्लोराइड क्षारांची ॲलर्जी होऊ शकते. त्यांची पूड श्वासात गेली तर दम्यासारखा त्रास सुरू होतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. म्हणून घरात पूड मोजायची नाही. तयार द्रावणच विकत घ्यायचं.
- ऑक्झलेट विषारी असतात आणि पोटात गेले तर मूत्रपिंडाला इजा करतात. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि कपाटाला कुलूप लावा.
- हातात नायट्राइल ग्लोव्हज, डोळ्यांवर चष्मा, अंगावर जुना ॲप्रन. खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवा.
- स्वयंपाकघरातला चमचा, वाटी, मिक्सर, फ्रिज यातलं काहीही वापरायचं नाही. एकदा डार्करूमला गेलेली वाटी परत स्वयंपाकघरात येत नाही.
- यूव्ही दिव्याकडे थेट बघू नका. दिवा खोक्यात बंद असावा.
- वापरलेला क्लिअरिंग बाथ आणि पहिलं धुण्याचं पाणी कुंडीत, विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत रासायनिक कचऱ्याची सोय असते, तिथे विचारून द्या.
- तुम्ही अठराच्या आतले असाल, किंवा तुम्हाला दमा असेल, तर सायनोटाइपवरच थांबा. ती पद्धतही तितकीच मजेदार आहे.

घरात डार्करूम कुठे करायची?

चांगली बातमी म्हणजे इथे मिट्ट काळोख लागत नाही. द्रावण यूव्हीला संवेदनशील असतं, मंद पिवळ्या प्रकाशाला फारसं नाही. बाथरूमच्या खिडकीला जाड काळा कागद लावा आणि पिवळा झिरोचा बल्ब पेटवा, बस्स. ट्यूबलाइट आणि पांढरा एलईडी मात्र बंद हवा. फोनचा टॉर्चही नको.

सामानाची यादी:

- फेरिक ऑक्झलेटचं द्रावण आणि पॅलेडियमचं द्रावण, प्रत्येकी वेगळ्या ड्रॉपरसह
- डेव्हलपर: सुरुवातीला अमोनियम सायट्रेट बरं. पोटॅशियम ऑक्झलेटही चालतं, पण ते जास्त विषारी
- क्लिअरिंगसाठी टेट्रासोडियम ईडीटीए आणि सोडियम सल्फाइट
- डिस्टिल्ड वॉटर
- मऊ ब्रश, ज्याला धातूची पट्टी नाही असा. लोखंडी पट्टी द्रावण बिघडवते
- चार प्लॅस्टिक ट्रे, काचेचा छोटा कप, हेअर ड्रायर
- जाड काच, तेवढाच लाकडी बोर्ड आणि काळ्या बाइंडर क्लिपा, म्हणजे काँटॅक्ट फ्रेम तयार
- कागद

कागदावर सगळं अवलंबून आहे. १०० टक्के कापसाचा आणि त्यात चुन्याचा अंश नसलेला कागद हवा. आर्शेस प्लॅटिन, हानेम्यूले प्लॅटिनम रॅग, बर्गर सीओटी ३२० हे खास याच कामासाठी बनवलेले आहेत. आपल्याकडचा कापसाचा हातकागद दिसायला सुंदर असतो, पुण्याच्या हातकागद संस्थेचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. पण कुठलाही नवा कागद आधी तपासायचा. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर कागदात कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि ते फेरिक ऑक्झलेटशी भांडणार. असा कागद या कामाला नको.

फोनच्या फोटोची निगेटिव्ह

५ बाय ७ इंच प्रिंटला ३०० पीपीआयने १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वातीन मेगापिक्सेलपेक्षाही कमी. १२ मेगापिक्सेलचा साधा फोनही भरपूर झाला. अडचण पिक्सेलची नाही, या गोष्टींची असते:

- व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वापरू नका, तो कॉम्प्रेस झालेला असतो. मूळ फाइल घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा.
- फोन स्वतःहून शार्पनिंग करतो. स्क्रीनवर ते छान दिसतं, कागदावर केसांच्या आणि पानांच्या कडेला पांढऱ्या रेघा येतात. जमल्यास रॉ मध्ये फोटो काढा.
- पोर्ट्रेट मोडमधली खोटी धूसर कड मॅट कागदावर लगेच पकडली जाते.

आता फाइल तयार करूया:

१. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा.
२. आडवा आरसा, म्हणजे फ्लिप करा. शाईची बाजू कागदाला चिकटणार असते, फ्लिप केलं नाही तर प्रिंट उलटी येईल आणि दुकानाच्या पाट्या वाचता येणार नाहीत.
३. कर्व्ह लावा. प्लॅटिनमला निगेटिव्हमध्ये गडद आणि फिकट भागांत भरपूर फरक हवा असतो, चांदीच्या कागदापेक्षा बराच जास्त.
४. इन्व्हर्ट करा.
५. इंकजेटसाठी असलेल्या ट्रान्स्परन्सी फिल्मवर सर्वात चांगल्या क्वालिटीत प्रिंट करा. साधी लेझर ट्रान्स्परन्सी घेऊ नका, तिच्यावर शाई बसत नाही.

कर्व्ह कसा शोधायचा? काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी बनवा, तिची निगेटिव्ह काढून प्रिंट करा. कुठल्या पायऱ्या एकमेकीत मिसळल्या ते बघा आणि कर्व्ह त्याप्रमाणे वळवा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. याचा अजून एक फायदा म्हणजे कॉन्ट्रास्ट कॉम्प्युटरवरच सांभाळला जातो, त्यामुळे कॉन्ट्रास्टसाठी पोटॅशियम क्लोरेट किंवा डायक्रोमेटसारखी त्रासदायक केमिकल घरात आणावीच लागत नाहीत.

प्रिंट काढूया: स्टेप बाय स्टेप

१. कागदावर निगेटिव्हच्या चार कोपऱ्यांच्या खुणा पेन्सिलीने करा. ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून नीट झटका.

२. कपात ६ थेंब फेरिक ऑक्झलेट आणि ६ थेंब पॅलेडियम (४ बाय ५ इंचासाठी) घाला, हलवा.

३. मिश्रण कागदाच्या मध्यावर एका रेषेत ओता. ब्रश आधी आडवा, मग उभा, हलक्या हाताने फिरवा. अर्ध्या ते एका मिनिटात थर सारखा झाला पाहिजे. ओली चमक जाऊ लागली की हात थांबवा, नाहीतर कागदाची लव उठते. खरं द्रावण वापरण्याआधी चहाच्या पाण्याने दहा कागद रंगवून सराव करा. फुकटात हात बसतो.

४. पाच-दहा मिनिटं अंधारात सपाट ठेवा. मग हेअर ड्रायर थंड किंवा कोमट करून मागच्या बाजूने वाळवा. त्याच दिवशी प्रिंट काढायची, कागद साठवायचा नाही.

५. शाईची बाजू कागदाकडे करून निगेटिव्ह ठेवा, काच लावा, क्लिपा दाबा.

६. एक्स्पोजर: ऊन किंवा यूव्ही ट्यूब. वेळ दोन-तीन मिनिटांपासून पंधरा मिनिटांपर्यंत काहीही असू शकतो. म्हणून आधी टेस्ट पट्टी: पुठ्ठा दर दोन मिनिटांनी सरकवत जा. सर्वात काळा भाग ज्या वेळेनंतर आणखी काळा होत नाही, तो तुमचा वेळ. ऊन दर तासाला बदलतं, यूव्ही खोका बदलत नाही, म्हणून शिकताना खोका बरा.

७. प्रिंट रिकाम्या ट्रेमध्ये ठेवा आणि डेव्हलपर एका झटक्यात, न थांबता ओता. इथे चित्र हळूहळू उगवत नाही, ओतताक्षणी समोर येतं! थांबून ओतलं तर रेघ कायमची राहते. दोन मिनिटं ट्रे हलवत राहा. डेव्हलपर फेकायचा नाही. गाळून बाटलीत परत भरा, तो पुन्हा पुन्हा वापरता येतो.

८. पाण्यातून एकदा काढून क्लिअरिंग: एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम ईडीटीए आणि ३० ग्रॅम सल्फाइट. असे तीन ट्रे, प्रत्येकात पाच मिनिटं. कडेच्या पांढऱ्या भागात पिवळी झाक दिसली तर आणखी एक बाथ. लोखंड आत राहिलं तर शंभर वर्षांच्या गप्पा विसरा.

९. अर्धा तास वाहत्या पाण्यात धुवा आणि जाळीवर वाळवा. वाळल्यावर प्रिंट थोडी गडद होते, म्हणून ओल्या प्रिंटवरून निर्णय घेऊ नका.

आपल्या हवेचं काय?

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. या कामाला हवेत साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता लागते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ८० च्या वर असते. कागद ओलसर राहतो, निगेटिव्हची शाई कागदाला चिकटते आणि पांढरे भाग मळकट येतात. उपाय: डीह्युमिडिफायर किंवा एसी, आणि निगेटिव्ह व कागदामध्ये अगदी पातळ पॉलिस्टर फिल्म. याउलट विदर्भातल्या मे महिन्यात कागद इतका कोरडा होतो की काळा रंग फिका आणि रवाळ येतो. तेव्हा कागद लावण्याआधी अर्धा तास दमट बाथरूममध्ये टांगून ठेवा. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता मीटर घेतलात तर निम्मे प्रश्न सुटतात. प्रत्येक प्रिंटमागे पेन्सिलीने तारीख, थेंब, वेळ आणि आर्द्रता लिहायची सवय लावा.

उन्हाळ्यात फेरिक ऑक्झलेटही लवकर खराब होतं. तपासणी सोपी आहे: त्याच्या एका थेंबात सायनोटाइपसाठी आणलेल्या पोटॅशियम फेरिसायनाइडच्या द्रावणाचा एक थेंब टाका. गडद निळा रंग आला तर बाटली बाद.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनच्या ॲपमधला प्लॅटिनम फिल्टर म्हणजे हेच का?
नाही. तो फक्त रंगाची छटा देतो. त्याचा धातूशी काही संबंध नाही.

रंगीत प्लॅटिनम प्रिंट होते का?
धातू काळा, राखाडी किंवा तपकिरीच दिसतो. रंग हवा तर वरून वेगळ्या पद्धतीचे थर द्यावे लागतात.

खरी प्लॅटिनम प्रिंट कशी ओळखायची?
पृष्ठभाग पूर्ण मॅट असतो आणि भिंगातून कागदाचे तंतू दिसतात. जुन्या प्रिंटची अजून एक खूण असते: वर्षानुवर्षं तिला चिकटून राहिलेल्या समोरच्या कागदावर त्याच चित्राची फिकट पिवळी सावली उमटते. म्हणूनच साठवताना मध्ये चांगला आम्लमुक्त कागद घालायचा.

शिकायला कुठे जाऊ?
जुन्या फोटो पद्धतींच्या कार्यशाळा भारतात होतात. गोव्यात तर याच विषयाला वाहिलेलं गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी सुरू झालं. एखाद्या जाणकाराचा हात ब्रशवर कसा चालतो ते एकदा प्रत्यक्ष पाहिलं की पुढचे बरेच कागद वाचतात.

मग पहिला फोटो कोणता निवडू?

माझं मत विचाराल तर सूर्यास्त आणि कॉफीचे कप सोडून द्या. एका प्रिंटला अर्धा दिवस जातो, धातू महाग असतो, त्यामुळे इथे निवड करावीच लागते, आणि मला वाटतं हाच या पद्धतीचा सर्वात मोठा फायदा आहे. दहा हजार फोटोंमधून एक निवडताना आपल्याला खरंच काय जपायचंय ते कळतं. आजीचे हात, गावचं कौलारू घर, विकायच्या आधीची वडिलांची स्कूटर. मंद प्रकाशातला, मधल्या छटा भरपूर असलेला असा एक फोटो आजच गॅलरीतून शोधा आणि त्याची मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. सायनोटाइपचे वीस कागद होईपर्यंत तो तिथे तुमची वाट बघत थांबेल.